मुंबईचे दूध आणि म्हशीचे आयुष्य : दुग्धव्यवसायातील तंत्रविद्येच्या इतिहासाचे एक प्रकरण

मोठ्या शहरास दूध पुरवावयाचे झाल्यास मार्ग दोनच संभवतात. एक तर जनावर शहरात आणावयाचे, नाही तर दूध शहरात आणावयाचे. पहिला मार्ग जुना व सोपा. त्यास गोठ्यापलीकडे फारसे भांडवल लागत नाही. दुसऱ्या मार्गास यंत्रे, इंधन, रेल्वे आणि या सर्वांना बांधून ठेवणारी संघटना यांची जोड लागते. मुंबईने दीर्घकाळ पहिलाच मार्ग अनुसरला. १९४५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तो बदलण्याचे दोन निरनिराळे प्रयत्न झाले. त्यांपैकी एक आरे येथे आणि दुसरा आणंद येथे. या प्रयत्नांचा इतिहास बहुधा सहकारी चळवळीचा इतिहास म्हणून, किंवा काही कर्तबगार पुरुषांचे चरित्र म्हणून सांगितला जातो. त्यात वावगे काही नाही. परंतु तोच इतिहास म्हशीच्या बाजूने पाहिला तर एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. जनावर, वैरण आणि जमीन यांची नासाडी न होता दुधाचा धंदा पिढ्यानुपिढ्या चालावा, या कामी तंत्रविद्येचा खरा उपयोग नेमका कोठे झाला? प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाचे उत्तर कोणाचे यंत्र अधिक सुधारलेले होते यात सापडत नाही. हिशेब दिवसाच्या दुधाचा मांडला की म्हशीच्या साऱ्या आयुष्याचा, यात ते सापडते.

प्रथम तबेल्याची रीत समजून घेतली पाहिजे. गुजरात, काठेवाड आणि दूर उत्तरेकडून नुकत्याच व्यालेल्या म्हशी व्यापारी मुंबईस आणीत. तबेलेवाला चांगल्यात चांगली दुभती म्हैस पाहून विकत घेई, कारण शहरातील जागा महाग, वैरण महाग, आणि कमी दूध देणारे जनावर तेथे परवडणे शक्य नसे. सरकी, पेंड व चुणी यांवर तिचे दूध काही महिने भरपूर निघे. पुढे ती आटू लागली म्हणजे तबेलेवाल्यापुढे साधा व्यवहारी प्रश्न उभा राही. म्हैस सुमारे दहा महिने गाभण राहते. भाकड काळात तिला शहराच्या भावाने पोसावयाचे, की ती विकून टाकून दुसरी ताजी म्हैस आणावयाची? हिशेब बहुतेक वेळा एकच उत्तर देई, आणि म्हैस कसाईखान्याकडे जाई. पारडाची गत त्याहून वाईट. त्याच्या तोंडी जाणारे दूध म्हणजे विक्रीतील तूट. म्हणून ते उपासमारीने मरू दिले जाई.

या रीतीचा परिणाम मुंबईपुरताच मर्यादित नव्हता. देशातील उत्तमोत्तम दुभत्या म्हशी एक-दोन वेतांतच नाहीशा होत. त्यांचा वंश पुढे चालत नसे. जी म्हैस आपल्या गावी राहिली असती तर पाचसहा वेते देऊ शकली असती, ती एका वेतानंतर संपे. निवड करून चांगले ते राखावे आणि वाईट ते काढावे हा पशुसंवर्धनाचा मूलभूत नियम. शहर त्याच्या नेमके उलट करीत होते. शेणाचीही तीच कथा. गावात जे खत, ते शहरात घाण. ते गटारात जाई, आणि ज्या शेतातून वैरण व सरकी आली त्या शेताकडे परत काहीच जात नसे. तथापि तबेल्यास केवळ क्रौर्याचे आगर म्हणून हिणविणेही न्याय्य होणार नाही. तबेलेवाला आपल्या हिशेबात चुकत नव्हता. दर दिवशी दर जनावरामागे निघणारे दूध हे एकक धरले, तर तबेल्यातील म्हैस खेड्यातील म्हशीपेक्षा निश्चितच सरस ठरते. दोष त्या एककात होता. भाकड महिने, मेलेले पारडू, न झालेली पुढील वेते आणि वाया गेलेले शेण या चारही गोष्टी त्याच्या बाहेर राहतात.

पारडू नसलेली म्हैस सहजासहजी पान्हा सोडत नाही. त्यावर तबेल्यांतून फुंक्याचा अमानुष उपाय चाले. जनावराच्या योनिमार्गात हवा किंवा अन्य पदार्थ भरून त्यास बळेच पान्हविणे असा हा प्रकार होता, आणि १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या बाराव्या कलमाने तो स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविला आहे. कायद्यास एक स्वतंत्र कलम खर्ची घालावे लागले यावरून प्रथेचा प्रसार ध्यानात यावा. पुढे ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक कृत्रिम रीतीने तयार करता येऊ लागले आणि फुंक्याची जागा बऱ्याच ठिकाणी सुईने घेतली. तंत्रविद्या आली म्हणजे रीत सुधारतेच, असा भोळा समज बाळगणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये.

मुंबईच्या दुधाविषयीची तक्रार काही नवी नव्हती. मुंबई नगरपालिकेच्या सेवेतील डॉ. लेम्युएल जोशी यांनी भारतीय शहरांतील, विशेषतः मुंबईतील, दुधाच्या प्रश्नावर १९१६ मध्येच ग्रंथ प्रसिद्ध केला होता. परंतु सरकारला प्रत्यक्ष हात घालावा लागला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. मुंबईच्या दुधाचा नमुना विलायतेस तपासणीसाठी गेला आणि ते लंडनच्या गटारातील पाण्याहूनही दूषित असल्याचा निर्वाळा मिळाला, अशी कथा वर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत दिली आहे. ऐकीव कथेला द्यावयाचे तेवढेच वजन तिला द्यावे. निश्चित आहे ते इतकेच की १९४५ च्या सुमारास मुंबई सरकारने आपली दूधयोजना आखली, आणि सुमारे सव्वाचारशे किलोमीटर दूर असलेल्या खेडा जिल्ह्यातील दूध पाश्चरीकरण करून रेल्वेने मुंबईस आणण्याची कामगिरी आणंद येथील पोल्सन कंपनीकडे सोपविली. खेडा जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच मोडत होता, हे आजच्या वाचकास ध्यानात ठेवावे लागते.

दूध इतक्या दूर येऊ शकले हीच एक मोठी घटना होय. उष्ण हवेत धारोष्ण दुधातील जंतू तासातासाला कित्येक पटींनी वाढतात. काही तासांत दूध नासते. ते ६३ अंश सेल्सियसला अर्धा तास, किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केले, तर रात्रभराचा प्रवास त्यास सोसतो. दूध प्रवास करू लागले म्हणजे म्हशीने प्रवास करण्याचे कारण उरत नाही. निदान तर्क असा सांगतो. प्रत्यक्षात काय घडले ते पाहण्यासाठी आधी आरेकडे वळले पाहिजे.

मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावनजीक आरे वसाहत स्थापन झाली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे तेराशे हेक्टर जमीन आणि सुमारे सोळा हजार जनावरे, असा तिचा विस्तार होता. म्हशी खाजगी मालकीच्याच राहिल्या; गोठे, पाणी, पशुवैद्य आणि दूधप्रक्रिया मात्र सरकारी. शहराच्या दाट वस्तीतील तबेले हिरव्या टेकड्यांवर गेले, दूध बाटल्यांत भरून केंद्रांवर मिळू लागले, आणि पहाटे दुधाचे कार्ड घेऊन रांगेत उभे राहणे हा मुंबईच्या मध्यमवर्गीय संसाराचा नित्यक्रम झाला. आरोग्याच्या दृष्टीने ही सुधारणा फार मोठी होती, आणि तिचे श्रेय खुरोडींना अलीकडे पुरेसे दिले जात नाही, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु म्हशीच्या आयुष्याचा प्रश्न आरेने सोडविला नाही. वैरणीचा खर्च शहराच्याच आसपासचा राहिला. भाकड म्हैस पोसणे मालकास तेथेही जडच जाई. तबेला स्थलांतरित झाला, पण तबेल्याचा हिशेब तोच राहिला.

खुरोडींचे दुसरे कार्य तांत्रिक दृष्ट्या अधिक महत्त्वाचे आहे. १९४६ च्या सुमारास त्यांनी ‘टोन्ड’ दूध प्रचारात आणले. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो. पिण्याच्या दुधास तीन टक्के पुरतो. शंभर किलो म्हशीचे दूध घेऊन स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणावयाचा, तर त्याचे सुमारे २३३ किलो दूध होते. पण नुसते पाणी घालून चालत नाही. इतर घन पदार्थ साडेआठ टक्के राखण्यासाठी सुमारे अकरा किलो मलईरहित दुधाची भुकटी मिसळावी लागते, आणि उरलेले सव्वाशे किलोच्या आतबाहेर पाणी. एका म्हशीच्या दुधात दोन म्हशींचे काम, अशी ही युक्ती आहे. गरिबाला परवडेल असे दूध त्यामुळे शहरात उपलब्ध झाले. परंतु ती अकरा किलो भुकटी आणावयाची कोठून? त्या काळी ती परदेशांतून येई. म्हणजे मुंबईच्या पेल्यातील दुधाचा एक मोठा भाग दूरदेशीच्या कुरणांवर तयार झालेला होता, आणि भुकटी जितकी स्वस्त मिळे तितकी खेड्यातील दुधाची गरज कमी भासे.

आता आणंदकडे येऊ. पोल्सनची मक्तेदारी व तिने दिलेले अपुरे भाव यांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला दूधबंद, जानेवारी १९४६ मधील समरखा येथील सभा, सरदार पटेलांचा सल्ला, मोरारजी देसाई व त्रिभुवनदास पटेल यांचा पुढाकार आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी झालेली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी हा भाग सुपरिचित आहे. १९४८ मध्ये दोन गावांच्या सुमारे अडीचशे लिटर दुधावर काम सुरू झाले. १९४९ मध्ये कुरियन आले. मुंबईची योजना हे संघाचे एकमेव मोठे गिऱ्हाईक होते.

संघाची अडचण ऋतूची होती, आणि ऋतूचे मूळ म्हशीच्या शरीरात आहे. दिवस लहान होऊ लागले, हवा निवळली, की म्हैस माजावर येते. गर्भकाळ सुमारे दहा महिने दहा दिवसांचा असल्यामुळे बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या मध्यापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत वितात. त्याच सुमारास हिरवा चाराही मुबलक असतो. परिणामी हिवाळ्यातील दूध उन्हाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होते. शहराची तहान मात्र ऋतूप्रमाणे बदलत नाही. उलट उन्हाळ्यात ती थोडी वाढतेच. मुंबई हिवाळ्यातील सर्व दूध घेईना, आणि उन्हाळ्यात आणंद मुंबईस पुरेना. तबेल्याच्या अस्तित्वाचे समर्थन करणारे एक न बोललेले कारण येथेच दडलेले आहे : शहरातील व्यापारी बारा महिने कोठून ना कोठून ताजी व्यालेली म्हैस आणून पुरवठा सम राखीत असे. म्हशींच्या सततच्या खरेदीविक्रीने तो ऋतूला चकवीत होता. त्याला पर्याय द्यावयाचा तर नुसत्या थंड डब्यांनी भागणार नव्हते. हिवाळ्याचे दूध उन्हाळ्यापर्यंत साठविता आले पाहिजे होते.

साठविण्याचा मार्ग म्हणजे भुकटी. परंतु भुकटीचे सारे शास्त्र गायीच्या दुधावर उभे होते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक, केसीन व कॅल्शियम अधिक. ते आटविताना घट्ट होते, आणि त्याची फवारणी करून भुकटी करणे अशक्य आहे असे पाश्चात्त्य तज्ज्ञांचे मत पडले. ज्या देशांत म्हैस नाही त्या देशांतील तज्ज्ञांनी म्हशीच्या दुधाचा प्रयोग केला नव्हता, ही गोष्ट त्या मतात सोयीस्करपणे झाकली गेली होती. मिशिगन येथील कुरियन यांचे सहाध्यायी हरिचंद मेघा दलाया आणंदास आले होते. रंग फवारण्याची पिचकारी आणि हवा तापविण्याचे साधन जोडून त्यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली, असे कुरियन लिहितात. तत्त्व सोपे आहे. निर्वात भांड्यात आटविलेले दूध सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तप्त हवेत सोडले की थेंबातील पाणी क्षणार्धात उडून जाते आणि कोरडे कण खाली पडतात. थेंब जितका लहान तितका दुधाला उष्णतेचा चटका कमी. म्हशीच्या दुधास लागत होते ते नवे तत्त्व नव्हते. आटवण कोठे थांबवावी, दाब किती ठेवावा, तपमान किती राखावे याची नवी मोजमापे लागत होती. युनिसेफ आणि न्यूझीलंड सरकार यांच्या साहाय्याने आणंदचा कारखाना उभा राहिला. १५ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी कोनशिला बसविली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदारांच्या जयंतीदिनी, नेहरूंनी उद्घाटन केले. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधनामुळे म्हशीच्या दुधापासून बालान्नही तयार होऊ लागले.

भुकटी तीच, पण तिचे कार्य दोन ठिकाणी दोन प्रकारचे होते, हे येथे लक्षात घेणे अवश्य आहे. मुंबईत आयात भुकटी दुधाचे आकारमान वाढवीत होती. आणंदात स्थानिक भुकटी दुधाचा काळ वाढवीत होती. पहिलीमुळे शहरास दूध मिळाले. दुसरीमुळे खेड्यातील म्हैस वर्षभर गिऱ्हाईक असलेली म्हैस बनली. हिवाळ्यातले सगळे दूध संघ निश्चित भावाने घेतो असा भरवसा एकदा बसला, की शेतकऱ्याला म्हैस भाकड काळात पोसणे परवडू लागते. त्याचे कारण असे की त्याची वैरण विकत आणलेली नसते. ज्वारी-बाजरीचा कडबा, शेताच्या बांधावरचे गवत, घरातील कोंडा यांवर ती निभावते, तिचे शेण शेतात जाते, आणि पुढील वेत त्याच गोठ्यात होते. कारखान्याच्या हिशेबवहीत यांपैकी एकही गोष्ट दिसत नाही. परंतु फवारणीच्या त्या मनोऱ्याचे सर्वांत मोठे उत्पादन भुकटी नसून म्हशीची वाचलेली वेते हे होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या साखळीतील एका लहानशा उपकरणाचाही उल्लेख केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडातील गेर्बर यांनी स्निग्धांश मोजण्याची एक पद्धत शोधून काढली. दुधाच्या नमुन्यात तीव्र गंधकाम्ल मिसळून काचेची नळी चक्रात फिरविली की स्निग्धांश वर येऊन मोजपट्टीवर वाचता येतो. गावोगावच्या दूध सोसायट्यांत हे चक्र आले आणि दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरू लागला. पाणी घालण्यात फायदा उरला नाही, आणि एका म्हशीच्या मालकिणीचे दूधही मोठ्या खातेदाराच्या दुधाइतक्याच कसोटीने मोजले जाऊ लागले. मोठमोठ्या यंत्रांच्या वर्णनात इतिहासकार रमतात आणि हे हाताने फिरविण्याचे चक्र विसरतात. ते नसते तर संघावरील विश्वास एका हंगामाहून अधिक टिकला असता की नाही याची शंकाच आहे. पुढे ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी कंजारी येथे संघाचा पशुखाद्य कारखाना सुरू झाला. त्या निमित्ताने आलेल्या पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी अजरपुरा गावी एका रात्रीचा मुक्काम केला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ १९६५ मध्ये आणंद येथे स्थापन झाले ते या भेटीनंतर. तत्पूर्वी १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास पटेल, कुरियन आणि खुरोडी या तिघांना एकत्र देण्यात आला होता. दोन निरनिराळे मार्ग एकाच पुरस्कारात बांधले गेले, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

१९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेत ते दोन मार्ग खरोखरीच एकत्र आले. युरोपातील शिलकी भुकटी व लोणीतेल जागतिक अन्न कार्यक्रमाद्वारे देणगी म्हणून आले. पहिल्या टप्प्यासाठी १,२६,००० टन भुकटी व ४२,००० टन लोणीतेल असा अंदाज होता. त्यापासून चार महानगरांत दूध तयार करून विकावयाचे, आणि मिळालेला पैसा खेड्यांतील दूधसंघ, शीतकरण केंद्रे व वाहतूक यांवर खर्चावयाचा, अशी योजना होती. आरेचे तंत्र वापरून आणंदचे भांडवल उभे करावयाचे, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. तिच्यावर टीका झाली आणि ती व्हावयास हवी होती. गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये लिहिलेल्या लेखाने मोठे वादळ उठले, देणगीची भुकटी परावलंबन वाढविते, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता. लक्ष्मीकांत झा समितीने १९८४ मध्ये योजनेचे मूल्यमापन केले. या वादात दोन्ही पक्षांनी बहुधा लिटर व टन मोजले. जनावर शहराबाहेर राहिले की नाही, ते किती वेते जगले, हा प्रश्न बाजूसच पडला.

तो प्रश्न आज अधिक जड झाला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १०.९८ कोटी म्हशी व १९.३४ कोटी गाई-बैल मोजले गेले. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन २३.९ कोटी टनांवर पोहोचले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून मिथेन वायू सुटतो. भाकड असतानाही तो सुटतच असतो, आणि त्या काळात दूध मात्र शून्य असते. त्यामुळे दर लिटर दुधामागील वायूचा हिशेब दोन वेतांमधील अंतरावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून राहतो. म्हणजे वातावरणाच्या अभ्यासकांनाही दिवसाचे एकक टाकून आयुष्याचे एकक घ्यावे लागते. भुकटीही निर्दोष नाही. पाणी उडविण्यास इंधन जाळावे लागते, आणि एक किलो भुकटीसाठी सुमारे दहा किलो मलईरहित दूध कोरडे करावे लागते. परंतु तिच्या इंधनाचा खर्च मांडताना दुसऱ्या पारड्यात तबेल्यात संपलेल्या म्हशी मांडल्या नाहीत, तर हिशेब पुन्हा अपुराच राहील.

आरेच्या जमिनीविषयी अलीकडे जो वाद झाला तो वेगळ्याच कारणाने. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडे तोडली गेली आणि वसाहतीचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. पण चर्चा झाली ती वनाची. तेथील गोठ्यांविषयी फारसे कोणी बोलले नाही. इकडे आणंद जिल्ह्यात बोरसद तालुक्यातील झकरियापुरा गावी दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने घराघरामागे गोबरवायूचे लहान संच बसविले गेले आहेत. वायूवर स्वयंपाक होतो. उरलेली रबडी काही आपल्या शेतात जाते आणि काही गावातील महिलांची सहकारी संस्था विकत घेऊन तिचे खत करते. दुधाप्रमाणे रबडीचाही कस पाहून भाव ठरतो. तबेल्याच्या हिशेबातून जे शेण शंभर वर्षे वगळले गेले होते, त्याची तेथे आता वेगळी वही ठेवली जाते.